मास्टरीणबाईंचं नख

मास्टरांच्या दुकानात माप द्यायला बायका सहसा एकट्या जात नसत. जावेला, बहिणीला, गेलाबाजार शेजारणीला सोबत नेत. मास्टरांच्या नजरेत खोट होती म्हणून नव्हे. त्यांची नजर टेपवरून हलत नसे. भीती होती ती जिभेची.

"मास्टर, धुतल्यावर ड्रेस आटला हो!" असं कुणी म्हणालं, की मास्टर चष्म्यावरून बघत. "कापड जिथल्या तिथंच आहे, बाई. सरकलंय ते दुसरंच काहीतरी." बँकेतल्या मॅनेजरीणबाई कोट शिवायला आल्या, तेव्हा त्यांना म्हणाले, "खांदे पाडून उभ्या राहू नका. नाहीतर आत हँगर घालून शिवावा लागेल." एका होणाऱ्या नवरीच्या सासूनं पसंत केलेलं कापड त्यांनी उजेडात धरलं आणि म्हणाले, "रंग उत्तम आहे. कुणाचा सूड काढायचा असला तर."

तरी बायका येत. कारण मास्टरांनी बसवलेली बाही खांद्यावर अशी बसे, की जणू माणूस तिच्यासकटच जन्माला आलं असावं. गल्लीत म्हणत, मास्टरांकडे शिवायचं म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे जाण्यासारखं आहे. त्रास होतो, पण नंतर हसता येतं.

दुकानाच्या मागच्या अर्ध्या खोलीत, खिडकीशी, मास्टरीणबाई बसत. काजं, बटणं, तुरपाई ही त्यांची कामं. आणि शेवटचं काम उसवण्याचं. पक्की शिलाई झाली की कच्चे टाके काढून टाकायचे. त्यासाठी मास्टरीणबाईंनी उजव्या अंगठ्याचं नख राखलं होतं. बाकीची नखं बोटाबरोबर कापलेली, आणि हे एकच लांब, पिवळसर, किंचित आत वळलेलं. दोऱ्याखाली सरकवलं, टक् केलं, की दोरा दोन तुकडे. कात्रीचं नाव नको.

"लोक बायको करताना रूप बघतात, घराणं बघतात," मास्टर गिऱ्हाइकांना सांगत. "मी नख बघितलं."

गिऱ्हाइकं हसत. सुरुवातीच्या वर्षांत मास्टरीणबाईही हसत. पुढं त्यांनी ते काम गिऱ्हाइकांवर सोपवलं.

प्रत्येक कपड्याच्या गळ्याशी एक विणलेलं लेबल लागे. त्यावर एकच शब्द होता : मास्टर. ते लेबल लावण्याचं कामही मास्टरीणबाईंचंच.

घरामागं एक अंगण होतं. अंगण म्हणजे दोन भिंतींनी आणि शेजारच्या जुनाट झाडानं मिळून अडवलेला अंधार. तिथं धुणं वाळत नसे, भाजी उगवत नसे. एकदा कोटाच्या ट्रायलला आलेले निवृत्त रेंजरसाहेब हात धुवायला मागं गेले आणि तिथंच उभे राहिले. "मास्टर, तुमच्या घरामागं रान आहे हो! फक्त रानातलं काही लावायचं राहून गेलंय."

पुढच्या खेपेला त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आल्याच्या तुकड्यासारखी दिसणारी एक कांडी आणली. त्यांनी स्वतःच्या बागेत बियांपासून वाढवलेल्या एका रानफुलाची. "रानातून उपटून आणलेलं जगत नाही, आणि जगलं तरी ती चोरीच," ते म्हणाले. "हे आपल्याच डोंगरातलं, मोठ्या झाडांखालचं. ऊन दाखवायचं नाही. कुजलेला पालापाचोळा घालायचा आणि माती उकरायची नाही. वर्षातले थोडे महिने वर येईल, मग पानं झडतील. मेलं म्हणून रडू नका, खाली जिवंत असतं. एका देठावर तीन पानं, आणि मनात आलं की मधोमध एक पांढरं फूल. किती वर्षांनी, ते विचारू नका. घाई करू नका."

त्यांनी एक लांबलचक शास्त्रीय नावही सांगितलं. मास्टरांनी ते आखूड करून राणी केलं. लांब कापड आखूड करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि मग गल्लीनं नवल पाहिलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला धड शब्द दिला नाही, तो सकाळी कापडी पिशवी घेऊन रस्त्यावरची सुकी पानं गोळा करू लागला. झाडूवाल्या बायका कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाकीटमार बघितले होते. कचरामार पहिलाच." मास्टरांनी त्यांना उलट उत्तर दिलं नाही, यावरून प्रकरण किती पुढं गेलं होतं ते कळावं.

पहिलं पान वर आलं त्या सकाळी मास्टरीणबाई स्वयंपाकघरात होत्या. अंगणातून एक आवाज आला. मऊ, कौतुकाचा, जवळजवळ लाजरा. "आलीस? ये, ये. थंडी वाजतेय का गं?"

कोण पाहुणी आली म्हणून बाई पदराला हात पुसत दारात गेल्या. मास्टर उकिडवे बसले होते. समोर बोटाएवढं हिरवं काहीतरी.

"कोण आलंय हो?"

"कुणी नाही," मास्टर नेहमीच्या आवाजात म्हणाले. "तू जा आत. तुझी सावली पडतेय."

"सावलीच लागते ना तिला?"

"तुझी नाही."

त्या आवाजाची ओळख बाईंना पहिल्यांदाच झाली होती. इतकी वर्षं तो घरातच कुठंतरी होता म्हणायचा, घडी करून ठेवलेला.

तीन पानं फुटली. मास्टर गळ्यातला टेप काढून त्यांची मापं घेऊ लागले. "राणी, आज बाही वाढली हं!" फूल मात्र येईना. काही वर्षं अशीच गेली, आणि मग तो चहाचा दिवस आला.

दिवाळं काढायला निघालेल्या बटणांच्या दुकानाचा मालक, मास्टरांची धाकटी बहीण आणि रेंजरसाहेब अशी माणसं अंगणात खुर्च्या टाकून बसली होती. बटणवाल्यानं रोपाकडं हनुवटी केली. "फूल कधी यायचं म्हणे, मास्टर?"

"येईल तेव्हा येईल," मास्टर म्हणाले. "मला सवय आहे. एक आधीच घरात आणून ठेवलीय. इतकी वर्षं झाली, तिला कुठं आलं? नुसती पानं!"

बहीण खुर्चीतून पडायची राहिली. "दादा म्हणजे ना, दादा!" बटणवाला मांडीवर थाप मारून हसला. रेंजरसाहेब कपात काहीतरी पडल्यासारखे कपात बघू लागले.

मास्टरीणबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत त्यांना दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मास्टरांनी एक झबलं कापलं होतं. ते अजून खालच्या खणात होतं, न शिवलेलं, खडूच्या खुणांसकट. मास्टरांना ते ठाऊक होतं, कारण खणाला कुलूप त्यांनीच लावलं होतं.

"साखर किती?" बाईंनी बटणवाल्याला विचारलं.

"दोन चमचे, वहिनी."

त्यांनी दोन चमचे साखर घातली, नीट ढवळली, कप पुढं केला. हात हलला नाही. पण त्या दोन चमच्यांच्या मधल्या वेळात त्यांनी ठरवून टाकलं. माझ्या हयातीत याच्या अंगणात फूल उमलणार नाही.

त्याच साली राणीला कळी आली.

मास्टरांची दाढी म्हणजे एक समारंभ असे. फेस, पाणी, पुन्हा फेस. तेवढा वेळ अंगण बाईंचं. पानांच्या बेचक्यात त्यांना ती दिसली, शर्टाच्या बटणाएवढी, घट्ट मिटलेली, हिरवी. त्या खाली बसल्या. अंगठा पुढं केला. टक्. कच्चा टाका तुटतो तस्साच आवाज. कळी चिंध्यांच्या पिशवीत गेली. बाईंनी हात धुतले आणि मास्टरांचा चहा टाकला. त्या दिवशीची काजं नेहमीपेक्षा सुबक झाली.

संध्याकाळी दुकान आवरताना त्यांनी सहज विचारलं, "आली का हो कळी?"

"नाही."

"येईल, येईल," बाई म्हणाल्या. एवढं गोड त्या बऱ्याच वर्षांत बोलल्या नव्हत्या.

मग तो दरवर्षीचा शिरस्ताच झाला. पानं वर आली, की मास्टर दाढीला बसायचे आणि बाई अंगणात. कळी खुडल्यावर मागं बारीकसा खुंट उरे. मास्टरांनी कळी कधी बघितलेलीच नव्हती. त्यांना तो खुंटच कळीची सुरुवात वाटे. ते त्याच्यापाशी स्टूल टाकून बसत आणि त्याला धीर देत. "हं, आता थोडंच राहिलं. जोर कर. शाबास." बाई आतून बघत. मेलेल्या खुंटाला शाबासकी देणारा नवरा बघायला मिळणं हे सुख प्रत्येकीच्या नशिबी नसतं.

मास्टरांनी उपाय केले. गार चहा घालून पाहिला. हाडांचं खत घातलं, तर शेजारच्या कुत्र्यानं रात्रभर पहारा केला. कुणी म्हणालं झाडांना गाणं आवडतं, म्हणून रेडिओ अंगणात ठेवला. त्यावर बातम्याच जास्त लागत आणि बातम्या ऐकून फुलावंसं कुणाला वाटेल? रेंजरसाहेबांना विचारावं, तर त्यांचे गुडघे गेलेले, मागच्या पायऱ्या त्यांना उतरवत नसत. दुकानातूनच ते म्हणत, "घाई करू नका."

आणि रोज संध्याकाळी मशीनवर कापड झाकताना बाईंचा प्रश्न असे, "आली का हो कळी?"

हळूहळू मास्टर खचले. जिभेची धार तशीच राहिली, पण हात थांबू लागला. कापडावर खडू टेकवून ते मागच्या दाराकडं बघत बसत. एकदा मॅनेजरीणबाईंनी संधी साधली. "मास्टर, खांदे पाडून बसू नका. हँगर घालावा लागेल." दुकान हसलं. मागच्या खोलीतूनही एक हसू आलं. बऱ्याच वर्षांनी आल्यामुळं ते कुणी ओळखलं नाही.

पाप वाटलं का बाईंना? एखाद्या वर्षी वाटलंही असेल, कळी जरा जास्तच गोजिरी असताना. पण मग त्यांना तो ट्रे आठवे, दोन चमचे साखर आठवे, "दादा म्हणजे ना" आठवे, आणि अंगठा आपोआप पुढं होई.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात येत होती आणि आवडत नव्हती. राणी पसरत होती. एका देठाचे तीन झाले, तिनाचे ताटवे झाले. पानं पंजाएवढी. आता दाढीच्या वेळात काम उरकायला त्यांना पळापळ करावी लागे. मास्टर म्हणत, "फूल नाही, पण अंग धरलंय बघ कसं."

मग बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. सुईत दोरा जाईना, काजं वाकडी होऊ लागली. मास्टर म्हणाले, "काज आहे का उंदराचं बीळ?" आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. ऑपरेशनच्या आधी नर्सनं हात तपासले आणि अंगठ्याचं नख कापून टाकलं. "एवढं मोठं कशाला ठेवलंय हो आजी?" नखाचा तुकडा ट्रेमध्ये पडल्याचा आवाज तेवढा आला.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं : वाकायचं नाही, धूर घ्यायचा नाही, वेळेवर थेंब. नेमकी तेव्हाच अंगणात पानं वर आली होती.

थेंब मास्टरच घालत. "डोळा उघड. दुकानाचं शटर आहे का ते, निम्म्यावर अडकायला?" पण हात इतका स्थिर, की थेंब पापणीलासुद्धा लागत नसे. बाई पडून होत्या, थेंब आणि दुकान यांतून मास्टरांना अंगणात जायला सवड नव्हती, आणि तिथं कळ्या फुगत होत्या. एका सकाळी, मास्टर दाढीला बसल्यावर, त्या भिंत धरून मागच्या दारापर्यंत गेल्या. पहिली पायरी उतरल्या. मास्टर तोंडाला फेस घेऊन धावत आले.

"मरायचंय का? वाक अजून, म्हणजे डोळा बाहेर पडेल हातात!"

"जरा हवा..."

"हवा मी आणून देतो आत. चल." आणि त्यांनी दंडाला धरून बाईंना खाटेवर आणून बसवलं, पाठीशी उशी लावली, आणि दाराला वरची कडी घातली. जन्मात केली नव्हती एवढी काळजी त्यांनी नेमकी त्याच आठवड्यात केली. माणसाचं नशीब फिरतं म्हणतात, ते असं.

दोन-तीन दिवसांनी अंगणातून हाक आली. नाव घेऊन नव्हे, नुसतीच, "अगं! अगं ए!"

मास्टर स्वतः आत आले, त्यांनी बाईंचा हात धरला आणि काळ्या चष्म्यासकट पायऱ्यांवर आणून उभं केलं. खाली सगळं अंगण पांढरं झालं होतं. एक नव्हे, दहा नव्हेत. भिंतीपासून झाडाच्या बुंध्यापर्यंत फुलंच फुलं. मास्टर हळू म्हणाले, "झबल्याचं कापड असंच होतं. पांढरं. आठवतंय का तुला?"

इतक्या वर्षांत त्या कापडाबद्दल हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. बाईंनी मनाशी म्हटलं, पुरे आता. माणसं येऊन जाऊ देत, मग सांगून टाकीन. काय बोलायचं ते बोलू दे. मी खुडलं, मला लागलं होतं म्हणून खुडलं. सांगीन, आणि सोडून देईन.

दुपारपासून माणसं येऊ लागली. बहीण आली, बटणवाला आला, मॅनेजरीणबाई आल्या. रेंजरसाहेबांना दोघांनी धरून पायऱ्या उतरवलं. त्यांनी काठीनं पानं बाजूला केली, बराच वेळ बघितलं आणि मान वर केली.

"मास्टर, मी दिलेल्या एका कांडीचं हे होणं शक्य नाही. दरवर्षी कळ्या खुडत होता ना तुम्ही?"

रेंजरसाहेब काठीवर रेलून समजावू लागले.

"कळी खुडली की बी धरायचा खर्च वाचतो. सगळा जोर खाली जातो. कंद पोसतो, त्याला डोळे फुटतात. आमच्या रोपवाटिकेत आम्ही करायचो, पण एखाद-दोन वर्षं. पुढं धीर निघत नाही हो, फूल बघायचा मोह होतो. इतकी वर्षं, एकही फूल न बघता! काय काळीज पाहिजे त्याला! दगडाचं!"

मास्टर जागच्या जागी थिजले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक वर्ष उलटं सरकताना बाईंना नव्या डोळ्यानं लख्ख दिसलं. ते खुंट. तो दाढीचा वेळ. ते रोज संध्याकाळचं "आली का हो कळी". मास्टरांची नजर फिरत फिरत बाईंच्या उजव्या अंगठ्यावर येऊन थांबली.

बाईंनी ओठ उघडले. आता सांगायचंच होतं, सगळ्यांसमोर तर सगळ्यांसमोर.

"मीच," मास्टर म्हणाले. "मीच खुडायचो. कुणाला बोललो नाही एवढंच. काम करून दाखवावं, बोलू नये."

टाळ्या पडल्या. "दादा म्हणजे ना, दादा!" बहीण म्हणाली. बटणवाल्यानं मास्टरांचा हात हलवला. बाई तोंड मिटून आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

माणसं गेल्यावर त्या भांडणाची वाट बघत बसल्या. ओरडले असते तर चाललं असतं. कप फोडले असते तरी चाललं असतं. मास्टर आत आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"पुढच्या वर्षी सगळ्या काढायच्या नाहीत," ते म्हणाले. "मागच्या बाजूच्या काढायच्या, पुढच्या ठेवायच्या, लोकांना दिसतील अशा. मी खडूनं दगडांवर खुणा करून देतो, तुला समजेल असं. आणि ते नख वाढव परत."

बाई बघत राहिल्या. हयातीत एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती. तीही मास्टरांनी माप घेऊन, खुणा करून, कामाला लावली. आता त्यावर फक्त लेबल लावायचं राहिलं होतं.

"बरं," बाई म्हणाल्या.

नख वर्षभरात छान वाढलं.

पुढच्या वर्षी मास्टरांनी कळ्या मोजून-मापून दिवस ठरवला आणि साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं. दगडांवर खडूच्या रेघा ओढल्या. ठरल्या दिवशी त्यांनी दाढीला दुप्पट वेळ घेतला, स्वतः शिवलेला कोट चढवला आणि पाहुण्यांना घेऊनच मागचं दार उघडलं.

अंगणात हिरवी पानं होती. भिंतीपासून बुंध्यापर्यंत नुसती पानं.

मास्टरांचं तोंड उघडं राहिलं. मग रेंजरसाहेबांनी काठी आपटली. "वा, मास्टर, वा! आणखी एक वर्ष! आम्हाला बोलावून, आमच्या देखत कंदाला विश्रांती दिलीत! याला म्हणतात संयम!" आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली. पाठोपाठ सगळ्यांनी वाजवली.

मास्टरांना काय म्हणता आलं असतं? खुडणारे ते स्वतः होते. गल्लीभर तसं त्यांनीच सांगितलं होतं.

"पुढच्या वर्षी तरी दाखवणार का, मास्टर?" मॅनेजरीणबाईंनी विचारलं.

मास्टरांनी मागं बघितलं. दारात मास्टरीणबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. हात हलत नव्हता.

"त्यांना घाई करू नका हो," बाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांना कळतं." मग त्या पायऱ्या उतरून थेट मास्टरांपाशी आल्या, कप त्यांच्या हातात दिला आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, पाहुण्याला विचारावं तसं त्यांना विचारलं, "साखर किती?"